कंपनीचा शब्द मोजायचा कसा? इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांसाठी एका मीटरवाल्याची वही

माझी एकतीस वर्षं विजेचे मीटर तपासण्यात गेली. 'मीटर पळतोय' अशी तक्रार आली की आम्ही जायचो, शेजारी आमचा प्रमाणित मीटर जोडायचो, घरातला गिझर लावायला सांगायचो आणि दोन्हींचे आकडे वहीत मांडायचो. मीटर खरंच बिघडलेला निघायचा कधीमधी. बऱ्याचदा मीटर ठणठणीत असायचा, पण त्या घरात कुणीतरी छातीठोकपणे सांगून गेलेलं असायचं की नव्या एसीने बिल फारसं वाढत नाही म्हणून.

२०२३ साली साताऱ्यात इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि पुन्हा तेच काम सुरू झालं, या वेळी स्वतःसाठी. त्यानंतर भाच्याने घेतली, मुलीच्या सासरी आली, गल्लीत दोघांनी घेतली. प्रत्येक जण आधी येऊन एकच विचारतो, "काका, या कंपन्या सांगतात तसं देतात का हो?" मी उलट विचारतो, "त्यांनी काय सांगितलं ते कागदावर दाखव." तिथे बहुतेकांची गाडी अडते. जाहिरात आठवते, सेल्समनचं बोलणं आठवतं, हातात मात्र काही नसतं. मग शब्द पाळला की मोडला हे ठरवणार कशावरून?

म्हणून माझी पद्धत लिहून काढतोय. गाडी कुठल्याही कंपनीची असो, ती लागू पडते.

वही कशी आखायची

शाळेतली दोनशे पानी वही पुरते. चार रकाने पाडा. पहिल्यात कंपनीने किंवा विक्रेत्याने काय सांगितलं. दुसऱ्यात त्याचा आकडा आणि अट. तिसऱ्यात ते कुठे लिहिलंय: माहितीपत्रकात, वॉरंटीच्या पुस्तिकेत, कोटेशनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर की फक्त तोंडी. चौथा रकाना रिकामा ठेवा, तो गाडी घरी आल्यावर भरायचा.

शोरूममध्ये वही उघडली की वातावरण जरा बदलतं. माझ्याशी बोलणारा मुलगा चुणचुणीत होता.

"काका, आरामात चारशे जाते."

"एसी लावून?"

"हो."

"किती वेगाने?"

"ते आता चालवण्यावर आहे ना, काका."

"बरं बाळा, मग असं लिहितो, चारशे, वेग सांगितला नाही."

तो हसला, पण त्यानंतर प्रत्येक आकडा जपून सांगायला लागला. हाच वहीचा पहिला फायदा. दुसरा फायदा संध्याकाळी घ्यायचा. घरी आल्यावर त्याच मुलाला व्हॉट्सअ‍ॅप करा: 'आज आपण सांगितलेल्या गोष्टी खालीलप्रमाणे. काही चूक असल्यास कळवावे.' खाली एकाखाली एक सगळं लिहा. त्याने 'ओके सर' एवढं उत्तर दिलं तरी तोंडी गोष्टीला कागदाचं वजन येतं. उत्तर आलं नाही किंवा 'फोनवर बोलू' असं आलं, तर तेही तिसऱ्या रकान्यात टाका.

रेंज: आकडा खोटा नसतो, अट लपलेली असते

सगळ्यात जास्त भांडणं रेंजवरून होतात, म्हणून इथे थोडा वेळ घालवू.

माहितीपत्रकात जो किलोमीटरचा आकडा असतो तो आपल्याकडे 'एमआयडीसी' चाचणीतून येतो. एमआयडीसी म्हटलं की आपल्याला कारखान्यांची वसाहत आठवते, पण ही मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. गाडी फिरत्या रोलरवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात आणि ठरलेल्या क्रमाने वेग वाढवतात, कमी करतात. पहिला भाग शहरातला, त्यात वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर जात नाही. दुसरा भाग शहराबाहेरचा, तिथे कमाल ९०. एसी बंद. खंबाटकीचा घाट नाही, मागच्या सीटवर सासूबाई नाहीत, डिकीत आंब्याच्या पेट्या नाहीत. त्या अटींवर गाडी तेवढी खरोखर धावलेली असते, म्हणून कंपनीला 'खोटं बोललात' असं म्हणता येत नाही.

२०२१ मध्ये दिल्लीत हे जाहीरपणे घडलं. टाटा नेक्सॉन ईव्हीची प्रमाणित रेंज तेव्हा ३१२ किलोमीटर होती. एका ग्राहकाने तक्रार केली की आपल्याला २०० च्या वर कधी मिळालीच नाही. दिल्ली सरकारने त्या गाडीवरचं अनुदान थांबवलं. कंपनी प्रमाणपत्र घेऊन उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने सरकारच्या आदेशाला स्थगिती दिली. ग्राहकाचा अनुभव आणि कंपनीचं प्रमाणपत्र, दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात आणि तरीही घेणाऱ्याची फसगत होते, ती अशी.

अलीकडे थोडी सुधारणा दिसते. पूर्वी काही कंपन्या नुसत्या शहरी भागाचा, म्हणून मोठा दिसणारा आकडा छापायच्या, आता दोन्ही भाग मिळून आकडा देतात. त्यामुळे तीच गाडी, तीच बॅटरी, पण दोन वर्षांच्या दोन पत्रकांत दोन आकडे असंही दिसेल. जुन्या पत्रकावर नव्या गाडीची तुलना करू नका. टाटाने 'सी ७५' नावाचा वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली, त्यांच्या ७५ टक्के ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा. कर्व्ह ईव्ही ऑगस्ट २०२४ मध्ये आली तेव्हा मोठ्या बॅटरीचा प्रमाणित आकडा होता ५८५ आणि हा सी ७५ होता ४०० ते ४२५. म्हणजे कंपनी स्वतःच सांगते की सत्तर टक्के धरा. कंपनी कुठलीही असो, भारतीय चाचणीच्या आकड्याला सत्तर टक्के लावून बघायचं, तेवढ्यात आपलं काम भागत असेल तरच पुढे जायचं, हा माझा ठोकताळा. परदेशी कंपन्या कधी 'डब्ल्यूएलटीपी' आकडा देतात. ती युरोपातली चाचणी आपल्यापेक्षा कडक आहे, त्यामुळे तिचा ५०० आणि आपला ५०० एका तराजूत घालू नका.

आता स्वतः मोजायचं कसं ते.

शोरूमची तीन किलोमीटरची टेस्ट ड्राइव्ह कामाची नाही. तेच मॉडेल स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्यांत मिळत असेल तर शनिवार-रविवार भाड्याने घ्या. चार-पाच हजार जातील, पण पंधरा-वीस लाखांचा निर्णय आहे. गाडी आधीच घेतली असेल तर पहिल्याच महिन्यात ही चाचणी उरका.

आपला नेहमीचा लांबचा रस्ता निवडा. माझा सातारा ते पुणे, मुलीच्या घरापर्यंत ११२ किलोमीटर. निघताना बॅटरी ९२ टक्के. एसी २४ वर, आम्ही तिघं, काटा ८० च्या आसपास. पोहोचलो तेव्हा ५६ टक्के. म्हणजे ३६ टक्क्यांत ११२ किलोमीटर. ११२ ला ३६ ने भागा आणि १०० ने गुणा, ३११ आले. दोन आठवड्यांनी तोच रस्ता, तीच दिशा, तीच तीन माणसं, फक्त वेग १००. या वेळी ४४ टक्के खर्ची पडले. पूर्ण बॅटरीचा हिशोब २५४. वाढवलेल्या वीसच्या वेगाने सत्तावन्न किलोमीटर खाल्ले.

यात गाडीचा दोष नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० चे १०० केले की तो दीडपटीहून जास्त होतो. पेट्रोल गाडीतही हेच होतं, पण तिथे पंप दर दहा किलोमीटरवर असतो म्हणून कुणी मोजत नाही.

दोन पथ्यं पाळा. डॅशबोर्डवर 'अजून इतके किलोमीटर जाईल' असा आकडा असतो, त्यावर भरवसा ठेवू नका. तो मागच्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून अंदाज बांधतो. खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीत आलात की तो खुशीत येऊन भलताच आकडा दाखवतो. टक्के आणि ट्रिप मीटर एवढंच बघा. आणि घाटाच्या रस्त्यावर जाताना-येताना दोन्ही मोजून सरासरी काढा. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना साधारण साडेपाचशे मीटर उंची गाठायची असते. माणसं धरून पावणेदोन-दोन टनांच्या गाडीला त्यासाठी सुमारे तीन युनिट जास्तीची लागतात. उतरताना त्यातली बरीच परत बॅटरीत येतात, सगळी नाही.

माझ्या गाडीचा जाहिरातीतला आकडा साडेचारशेच्या वर होता. सत्तर टक्के काढले तर ३१५-३२०. मला ८० च्या वेगाला ३११ मिळाले. चौथ्या रकान्यात मी 'पाळला, पण सांगितला नाही' असं लिहिलं.

घरचा चार्जर आणि तुळशीमागचं अर्थिंग

'चार्जर फ्री, बसवणं फ्री.' हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते, कारण विजेच्या कामात फुकट काय आणि कुठपर्यंत हे वायरच्या लांबीत मोजलेलं असतं.

विचारायचं हे: मीटरबोर्डपासून गाडीच्या जागेपर्यंत किती मीटर वायर फुकट? वायर किती चौरस मिलिमीटरची? एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की पडणारा) धरून की वेगळे? भिंतीला भोक पाडणं, पाइप टाकणं कुणाकडे? आणि अर्थिंग कुणाकडे? मला विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर 'वायरिंग सगळं फ्री' असं लिहून दिलं होतं. बसवायला आलेल्या माणसाच्या हातात वेगळाच कागद होता, पंधरा मीटरपर्यंत फुकट. माझं अंतर सत्तावीस मीटर. बारा मीटरचे ४,२०० रुपये लावले.

त्यानंतर खरी गंमत. चार्जर बसला, गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, गाडीला लावली, लाल दिवा. पुन्हा लावली, पुन्हा लाल. तो मुलगा म्हणाला, "काका, गाडीत प्रॉब्लेम दिसतोय, वर्कशॉपला टाकावी लागेल." मी आत जाऊन माझा जुना मल्टीमीटर आणला. गिझर चालू करायला लावला आणि न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज घेतला. १९ व्होल्ट! चांगल्या घरात तो दोन-तीनच्या आत असायला हवा. घर १९८८ चं, अर्थिंगचा खड्डा तुळशी वृंदावनामागे, त्यात कोणी वर्षानुवर्षं पाणी घातलेलं नाही. तुळशीला रोज, शेजारच्या खड्ड्याला कधीच नाही. चार्जर आपलं काम चोख करत होता. अर्थ धड नसेल तर तो वीज सोडतच नाही आणि तसंच हवं. नवा खड्डा, तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, साडेसहा हजार रुपये. व्होल्टेज १.२ वर आला आणि हिरवा दिवा लागला.

तेव्हा गाडी बुक करायच्या आधी गल्लीतल्या वायरमनला बोलावून हे एक माप घ्या. पाच मिनिटांचं काम. 'नवीन इलेक्ट्रिक गाडी घरी चार्जच होत नाही' या तक्रारी माझ्याकडे आल्या, त्यांतल्या दोन अर्थिंगच्याच होत्या.

दुसरी गोष्ट मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा. वीजबिलावर लिहिलेला असतो. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर एका फेजवर ३२ अँपिअर ओढतो. तीन किलोवॉट मंजूर असलेल्या घरात तो लावला की संध्याकाळी मिक्सर लावताच एमसीबी पडणार. भार वाढवून घ्यायचा अर्ज गाडी बुक केली त्याच आठवड्यात द्या, गाडी आल्यावर नको. आणि रोजचं चालवणं पन्नास-साठ किलोमीटर असेल तर मोठा चार्जर लागतही नाही. गाडीसोबत येणारी साधी केबल १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभरात पुरेशी भरते. फक्त तो प्लग स्वतंत्र वायरवर हवा, वॉशिंग मशीनच्या पॉइंटवर नको.

रुपयात किलोमीटर

सेल्समनचं हे लाडकं वाक्य. यालाही मीटर लावा. मी चार्जरच्या वायरवर एक छोटा सबमीटर बसवलाय, हजार-बाराशेत मिळतो. माझी बॅटरी ४५ युनिटच्या आसपासची. २० ते १०० टक्के, म्हणजे ३६ युनिट बॅटरीत गेले, पण सबमीटरने दाखवले ४०.३. चार-साडेचार युनिट तारेत, चार्जरमध्ये आणि गाडीतल्या कन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन गेले. बिल आपण ४०.३ चं भरतो. त्यावर माझे ८० च्या वेगाचे किलोमीटर आले २४९. युनिटला दहा रुपये धरले तर किलोमीटरला १ रुपया ६२ पैसे. रुपयात किलोमीटर हवा असेल तर वीज सहा रुपयांना मिळायला हवी किंवा छतावर सोलर हवं. महिन्याचं बिल वाढून तुम्ही वरच्या टप्प्यात जाता, त्या टप्प्याचा दर धरून हिशोब करा, सरासरी दर धरून नको. रस्त्यावरच्या डीसी चार्जरवर वीस रुपये युनिट धरले तर तीन रुपयांच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी.

तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच आहे. कितीने, ते तुमच्या बिलावरून काढा, त्यांच्या पाटीवरून नको.

'तासाभरात ऐंशी टक्के' हेही असंच. हा वेळ दहा टक्क्यांपासून मोजलेला असतो आणि चार्जर अमुक किलोवॉटचा असेल तर, अशी बारीक अक्षरातली अट असते. हायवेला हॉटेलच्या दारात ६० किलोवॉटची पाटी होती, पण दोन गन होत्या आणि शेजारी आधीच एक गाडी लागलेली. वीज वाटली गेली, माझ्या वाट्याला २८. वेळ लागला एक तास आठ मिनिटं. दोन वेळा चहा झाला.

बॅटरीची वॉरंटी: पुस्तिका आधी मागा

आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतलं जे आधी होईल ते, हे बराच काळ चालत आलेलं प्रमाण. २०२४-२५ पासून 'आजीवन' हा शब्द आला. महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांवर पहिल्या खासगी मालकाला आजीवन वॉरंटी जाहीर केली, टाटाने हॅरियर ईव्हीवर केली. आजीवन म्हणजे कुणाचं जीवन? टाटाच्या अटींत ते पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं असं आहे. वाईट अजिबात नाही, पण कागदावर १५ लिहिलेलं असेल तर वहीतही १५ लिहा. गाडी विकली की दुसऱ्या मालकाला काय मिळतं ते वेगळं विचारा, कारण जुन्या बाजारातली तुमच्या गाडीची किंमत त्यावर ठरणार.

याहून महत्त्वाचा प्रश्न: वॉरंटी बिघाडाची आहे की क्षमता घटल्याचीही? बॅटरी दरवर्षी थोडी थोडी झिजते, मोबाइलसारखीच. झिजून किती टक्क्यांखाली गेली तर कंपनी बदलून देते, तो आकडा पुस्तिकेत शोधा. बऱ्याच ठिकाणी ७० टक्के असतो. आकडा नसेल तर ईमेलवर विचारा. आणि ती टक्केवारी मोजणार कोण? कंपनीच. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला 'बॅटरीचं आरोग्य किती टक्के' हे जॉबकार्डवर लिहून मागा. पहिल्या वेळी सर्व्हिस सेंटरवाले 'असं आम्ही लिहीत नाही' म्हणतात. मी काउंटरवरच बसून राहिलो, वीस मिनिटांनी लिहून मिळालं. दुसऱ्या वेळी न मागता मिळालं.

अपवाद वाचताना तीन गोष्टींवर बोट ठेवा: पुराच्या पाण्यात गाडी गेली तर, सर्व्हिसिंगला उशीर झाला तर, आणि बाहेरच्या माणसाने वायरिंगला हात लावला तर. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी पहिली गोष्ट दोनदा वाचावी. तिथे वॉरंटीपेक्षा विमा कामाला येतो आणि त्या विम्यात बॅटरीचा उल्लेख आहे का ते वेगळं बघावं लागतं.

बॅटरी भाड्याने देणाऱ्या योजनाही आल्यात, एमजीने २०२४ मध्ये विंडसरसाठी किलोमीटरला साडेतीन रुपये असा दर काढला होता. गाडीची किंमत एकदम कमी दिसते. अशा योजनेत महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात, हे आधी विचारा. गाडी दारात उभी राहिली तरी भाडं चालू राहू शकतं.

'अपडेटमध्ये येईल'

नियम सोपा: आज गाडीत जे चालू करून दाखवता येतं त्याचेच पैसे द्यायचे.

टेस्लाने २०१६ मध्ये अमेरिकेत जाहीर केलं की आपल्या नव्या गाड्यांत स्वतः पूर्णपणे चालण्यासाठी लागणारं सगळं हार्डवेअर आहे, बाकी सॉफ्टवेअरने येईल. लोकांनी हजारो डॉलर आगाऊ भरले. जानेवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनीच कबूल केलं की मधल्या काळातल्या गाड्यांचा संगणक बदलावा लागेल. त्याच २०१६ मध्ये भारतातूनही काही जणांनी मॉडेल ३ साठी हजार डॉलर भरून बुकिंग केलं होतं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं शोरूम उघडलं जुलै २०२५ मध्ये, तेही मॉडेल वाय घेऊन. दक्षिण कोरियात तर थंडीत रेंज किती घटते हे ग्राहकांना नीट सांगितलं नाही म्हणून तिथल्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाला २८५ कोटी वॉनचा दंड केला. अट लपवणं हाही गुन्हा, असं मानणारं सरकार तिथे आहे.

आपल्याकडे ओलाने १५ ऑगस्ट २०२२ ला इलेक्ट्रिक कार जाहीर केली, एका चार्जमध्ये ५०० किलोमीटर, २०२४ मध्ये येणार. कार आली नाही, बेत गुंडाळला. अमेरिकेतली फिस्कर कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचं एक कार्यालय हैदराबादला होतं, तिथे सॉफ्टवेअरचं काम चालायचं. ज्यांच्याकडे तिच्या गाड्या होत्या त्यांना पुढचे अपडेट आणि सुटे भाग कोण देणार, हा प्रश्न पडला. म्हणून नव्या कंपनीची गाडी घेताना गाडीइतकीच कंपनीही बघा. जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे आणि हाय व्होल्टेजचं काम शिकलेला माणूस तिथे आहे का, की गाडी पुण्याला पाठवतात? साताऱ्याहून माझी एकदा ट्रकवर चढून गेली. नऊ दिवस.

मला स्वतःला 'पुढच्या महिन्यात' म्हणून सांगितलेली एक सोय अकराव्या महिन्यात मिळाली. आली एकदाची.

सरकारच्या नावावर दिलेली आश्वासनं

इथे कंपनीपेक्षा विक्रेता जास्त बोलतो. 'कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर सूट' अजूनही सांगितली जाते. ते कलम ८०ईईबी. कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं असेल तरच लागू. आज कर्ज काढणाऱ्याला ते नाही. इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या केंद्राच्या फेम योजनेच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात खासगी चारचाकीला अनुदान नव्हतं, तरी ऐकायला मिळतं. टोलचं म्हणाल तर राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक कारना माफी आहे. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. धोरणात आहे म्हणजे नाक्यावर आहे असं धरू नका, फास्टॅगचा मेसेज बघा.

अनुदान असेलच तर ते कोटेशनमध्ये वजा करून दाखवा म्हणायचं. 'नंतर खात्यावर येईल' असं असेल तर ते नाही असं समजून गाडी परवडते का बघायचं.

शब्द मोडला तर

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी हार-नारळाआधी तपासा: बनावटीचा महिना, ओडोमीटर, चार्जिंग केबल डिकीत आहे का, आणि एकदा गन लावून चार्ज सुरू होतं का. फोटो नंतर काढा.

तक्रार असेल तर फोनवर भांडू नका. आधी विक्रेत्याला ईमेल, प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला, सोबत वहीचं पान आणि त्या 'ओके सर'चा फोटो. पंधरा दिवसांत हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ती फुकट आहे, मराठीत बोलता येतं, नोंद क्रमांक मिळतो. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यालाच. दहा ते वीस लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये, त्यावर पन्नास लाखांपर्यंत हजार. ऑनलाइनही भरता येतो आणि वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, ती तारीख पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. 'बघतो, करतो' यात दोन वर्षं कशी जातात कळत नाही.

रेंज कमी मिळाली एवढ्यावर दावा लावण्याआधी मात्र विचार करा. प्रमाणपत्र त्यांच्या बाजूने उभं राहणार. लेखी आश्वासन, न झालेली दुरुस्ती, जॉबकार्डवर तीन-तीनदा आलेला तोच बिघाड, अशा गोष्टी टिकतात.

माझ्या सत्तावीस मीटरचं काय झालं? दोन ईमेलना उत्तर नाही. १९१५ ला नोंद केली, 'वायरिंग सगळं फ्री' हा व्हॉट्सअ‍ॅप जोडला आणि अकराव्या दिवशी विक्रेत्याने ४,२०० रुपये खात्यात जमा केले. अर्थिंगचे साडेसहा हजार मागितलेच नाहीत. 'अर्थिंग वगैरे आम्ही बघून घेऊ, काका' असं तो मुलगा म्हणाला होता खरा, पण त्या ओळीपुढे तिसऱ्या रकान्यात माझ्याच अक्षरात 'फक्त तोंडी' लिहिलेलं आहे.